दुसऱ्या बैठकीवरची शालनताई

फोन आला तेव्हा मी पणजीच्या कचेरीत खिडकीवर बसले होते. समोर रांग होती आणि हातात एका आजोबांचा अर्ज. स्क्रीनवर अनंतचं नाव दिसलं. अनंत हा शालनताईचा धाकटा भाऊ. मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला असतो आणि एरवी मला कधी फोन करत नाही. त्यामुळे नाव वाचलं तेव्हाच कळलं. "ताई गेली गो," तो म्हणाला. "सकाळीच. आये म्हणाली, सुर्ल्याक पयलीं सांग." सुर्ला म्हणजे मी. डिचोली तालुक्यातलं माझं गाव सुर्ला, आणि शालनताईने पहिल्या भेटीत तेच माझं नाव करून टाकलं होतं. तिच्या आईला माझं खरं नाव माहीत आहे की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि आजोबांच्या अर्जावर शिक्का मारला. तो उलटा पडला. आजोबांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला उभे राहिले...

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. शालन नाईक हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांच्या लक्षात असेल. बऱ्याच वर्षांपूर्वी भारताच्या मुलींची चार जणींची होडी आशियाई खेळांसाठी पात्र ठरली. पेडण्यातल्या आगरवाड्याची ही मुलगी त्या होडीत दुसऱ्या बैठकीवर होती. पुढे प्रत्यक्ष आशियाई खेळांत त्या बैठकीवर ती नव्हती. मी होते. तिच्याविषयी लिहायला बसले ते यासाठीच. हे दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं राहून राहून वाटतं, पण ज्यांना सगळं माहीत आहे अशा आम्ही दोघीतिघीच, आणि त्यांतली मराठी लिहिणारी मी एकटी.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते राष्ट्रीय शिबिरात. मी एकोणीस वर्षांची होते. वडील सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचे. शाळेत मी गोळाफेक करायची आणि माझी उंची बघून मला कुणीतरी होडीकडे वळवलं होतं. पोहायला शिकले होते, पण पाण्याची भीती काही गेली नव्हती. आमच्याकडे पाणी म्हणजे खाणीच्या खड्ड्यात साठलेलं, लाल, तळ न दिसणारं. त्यात कुणी उतरायचं नाही, असं लहानपणापासून बजावलेलं. शर्यतीची होडी तर इतकी अरुंद की श्वास वाकडा घेतला तरी कलते. पहिल्या दिवशी मी वल्हं घट्ट धरून बसले होते, तेव्हा मागून आवाज आला, "ए, खंयचें गो तूं?" गोव्यापासून इतक्या लांब आमची बोली ऐकून मला रडूच आलं. म्हटलं, सुर्ल्याची. "तर आयक, सुर्ला. पाण्याकडेन झगडा करूं नाका. ताका वाट दी. तें तुका व्हरता." पाण्याशी भांडू नकोस, त्याला वाट दे, ते तुला नेईल. कोच आठवडाभर मला हेच इंग्रजीतून समजावत होते. कळलं ते तिच्याकडून.

तिचं पाण्याशी नातं जन्माचं. आगरवाड्यात त्यांचं मिठागर आहे, वडिलांच्या वडिलांपासूनचं. मिठाच्या पाट्या होडीत भरून शापोरा नदीतून न्यायच्या, हे काम ती दहाव्या वर्षापासून करत होती. उभं राहून, लांब बांबूने होडी ढकलत. तिचे खांदे तिथे घडले. कुणा जलक्रीडा शिक्षकाने तिला नदीवर पाहिलं आणि पणजीला बोलावलं. तिथून ती राज्याच्या संघात गेली आणि मग देशाच्या. ती हे सगळं तीन वाक्यांत सांगायची आणि वर म्हणायची, "मीठ वाहून वाहून कंटाळा आला होता, म्हणून गेले." शिबिरात ती सगळ्यांत मोठी होती, बत्तीस वर्षांची. पहाटे पाण्यावर सगळ्यांच्या आधी तीच असायची. होडी बाहेर काढली की पुसल्याशिवाय ती जेवायला जायची नाही. आम्ही भुकेने कळवळत तिच्यामागे उभ्या, आणि ही फडकं पिळून पुन्हा एकदा तळाशी वाकलेली. तिच्या हातांना मिठाने लहानपणीच भेगा पडल्या होत्या. त्यामुळे वल्ह्याचे फोड आम्हाला यायचे तसे तिला येत नसत. तिच्या भेगा उघडायच्या. ती त्यांत खोबरेल भरायची आणि बोटं झटकून म्हणायची, "चला."

पात्रतेची शर्यत परदेशात होती, एका थंड गावाच्या तळ्यावर. मी राखीव म्हणून गेले होते, म्हणजे चौघींपैकी कुणी आजारी पडलं तर बसायचं, नाहीतर काठावर टॉवेल धरून उभं राहायचं. अंतिम शर्यतीत सहा होड्या होत्या आणि पहिल्या तीन होड्यांना आशियाई खेळांत जागा मिळणार होती. दोन हजार मीटर. आपल्या मुली निम्म्या अंतरापर्यंत पाचव्या होत्या. मी काठाने सायकलवरून त्यांच्याबरोबर जात होते. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येत होतं, आणि मला फक्त शालनताईचा आवाज ऐकू येत होता. त्या होडीत हाक द्यायचं काम तिचं होतं. शेवटच्या पाचशे मीटरवर तिने हिंदी सोडलं, इंग्रजी सोडलं आणि आगरवाड्याच्या बोलीत ओरडायला लागली, "ओड गो! ओड! ओड!" बाकी तिघींपैकी लिसी केरळची, एक मणिपूरची, एक हरियाणाची. त्यांना शब्द कळत नव्हते, पण हात बरोबर तिच्या हाकेवर पडत होते. चौथ्या होडीला त्यांनी मागे टाकलं आणि तिसऱ्या होडीला अगदी रेषेवर गाठलं. निकाल लागायला काही मिनिटं गेली. चौघीही वल्ह्यांवर ओणव्या पडलेल्या. मग फलकावर आपलं नाव तिसरं दिसलं. शालनताई बाजूला वाकून ओकली, तोंड धुतलं आणि हसायला लागली.

संध्याकाळी तिने घरी फोन लावला, तेव्हा मी शेजारीच होते. पलीकडून तिच्या आईने विचारलं, "पावलें गो?" पोचलीस का, एवढाच त्या माउलीचा प्रश्न. लेक आठ दिवसांपूर्वी निघाली होती आणि मध्ये फोन झालाच नव्हता. शालनताईने फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "पावलें गे आये, पावलें." आणि तेव्हा मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

घरी परतलो तर पेडण्याच्या बाजारात तिचा भलामोठा फ्लेक्स लागलेला. आशियाई खेळांसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. देवळाच्या मंडपात सत्कार झाला, श्रीफळ दिलं, शाळेच्या मुलांनी लेझीम खेळलं. तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. भाषण करायला उभी राहिली तेव्हा ती जे म्हणाली ते लोकांना फारसं कळलं नाही. ती म्हणाली, "जागा होडीला मिळाली आहे. होडीत कोण बसणार ते अजून ठरायचं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, विनयाने बोलते आहे. पण आमच्या खेळातला नियमच तसा आहे. पात्रता देशाच्या होडीला मिळते, माणसाला नाही. स्पर्धेला जाण्याआधी पुन्हा चाचणी होते आणि त्या दिवशी ज्या चार जणी सर्वांत वेगवान, त्या जातात.

चाचणी दोन महिन्यांनी झाली. चौघींपैकी तिघींच्या जागा पक्क्या होत्या, प्रश्न दुसऱ्या बैठकीचा होता. शालनताई की मी. याची रीत अशी. चार-चार जणींच्या दोन होड्या शर्यत करतात. मग दोन्ही होड्यांमधल्या एकेका मुलीची अदलाबदल करून लगेच पुन्हा शर्यत. जिच्यामुळे होडी जास्त पुढे गेली, ती जिंकली. पहिल्या फेरीत शालनताई तिच्या जुन्या तिघींबरोबर होती आणि मी राखीव मुलींच्या होडीत. त्या अर्ध्या होडीच्या अंतराने जिंकल्या. मग आम्ही तराफ्याला लागलो. ती उतरली, मी उतरले, एकमेकींच्या शेजारून गेलो. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या फेरीत मी त्या तिघींबरोबर बसले आणि आमची होडी दीड होडीच्या अंतराने जिंकली. कोचनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. शालनताई वल्हं खांद्यावर टाकून शेडकडे गेली. थोड्या वेळाने मी आत गेले, तर ती खाली बसून होडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सुर्ला, तुझा डावा खांदा अजून उचलतो. उद्यापासून बघू."

आणि खरंच बघितलं. दुसऱ्या दिवशी निघून गेली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. ती तीन आठवडे थांबली. रोज सकाळी काठावरून सायकलने आमच्याबरोबर यायची, माझ्या खांद्यावर ओरडायची. माझी हिंमत होत नव्हती तिच्याकडे बघायची... आम्ही जायच्या आदल्या दिवशी ती गोव्याला परतली. पेडण्याच्या बाजारातला फ्लेक्स अजून तसाच होता. लोक कुजबुजत होते, तो काढायचा कुणी, हा सगळ्यांनाच संकोच. तिने अनंतला शिडी घेऊन नेलं, स्वतः चढून फ्लेक्स उतरवला आणि घरी नेऊन मिठाच्या राशीवर ताडपत्रीसारखा घातला. अनंत सांगतो, तो फ्लेक्स चांगली चार वर्षं टिकला. खालचं मीठ एकदाही भिजलं नाही.

आशियाई खेळांत आम्ही पाचव्या आलो. पदक नाही, पण अंतिम फेरीत होतो. परतल्यावर मला प्रमाणपत्र मिळालं आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातून पणजीत सरकारी नोकरी. शालनताईला काहीच मिळालं नाही. पात्रतेच्या शर्यतीचं वेगळं प्रमाणपत्र नसतं. मी घर सावरलं. खाणी बंद पडल्या, वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा माझ्याच पगारावर आमची चूल पेटत होती. आणि ती आगरवाड्यात मीठ ओढत होती. मी तिला भेटायला गेले नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. पणजीहून आगरवाडा काही लांब नाही, बसने दीड तास. पण दर वेळी काहीतरी निघायचं. खरं कारण वेगळं होतं. शिबिरात तेव्हा बोललं जात होतं की शालनने मुद्दाम हात ढिला सोडला, आपल्या गोव्याच्या पोरीला जागा मिळावी म्हणून. ते माझ्या कानावर आलं होतं. माझी नोकरी, माझं प्रमाणपत्र, सगळं कुणीतरी ओंजळीत टाकलेलं... हा विचार घेऊन तिच्यासमोर कसं उभं राहायचं, ते मला कळत नव्हतं.

शेवटी तीच आली. कचेरीत माझ्याच खिडकीसमोरच्या रांगेत. मिठागराच्या कसल्याशा कागदासाठी आली होती. मी मान खाली घालून पुढचा अर्ज घेतला तर वरून आवाज, "ए सुर्ला, तूं हांगा लिपलां?" इथे लपलीस होय! सगळी रांग हसली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही जवळच्या एका कॅफेत बसलो. पाव-भाजी मागवली. पहिला घास घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "आता सांग. अंतिम शर्यत कशी गेली?" तिने ती मोबाइलवर बघायचा प्रयत्न केला होता. आगरवाड्यात तेव्हा धड नेटवर्क नव्हतं, चित्र मध्येच थांबलं आणि पुन्हा आलं तेव्हा सगळं संपलेलं. पाच वर्षं ती हे विचारायला थांबली होती. मी तिला पहिल्या फटक्यापासून सांगितलं. ती मध्ये थांबवायची. वारा कुठून होता? लिसीने हाक कधी दिली? हजार मीटरला तुमची होडी कितवी होती? पाव गार झाला. जोडीने होडी चालवावी तशी आम्ही ती शर्यत पुन्हा केली, आणि पाचव्या आल्यावर तिने टेबलावर हात आपटला, "थोडक्यात गेलें गो!"

तेव्हा मी धीर करून विचारलं, "ताई, तू चाचणीत मुद्दाम हरलीस का?"

तिला रागावलेलं मी त्या एकदाच पाहिलं. "मुद्दाम? मी?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. "त्या दिवशी मी इतकं वल्हवलं की रात्री हात वर होईना. तुला हरवायचंच होतं मला. आणि तू म्हणतेस मुद्दाम!" मग जरा शांत झाली. "आणि जागा माझी नव्हती गो. होडीची होती. तू जास्त वेगाने नेलीस. झालें." मी मान हलवली. पण मनाच्या तळाशी तो संशय राहिलाच. ती चांगली होती, म्हणून असं म्हणत असेल, असं वाटायचं.

त्यानंतर मात्र आमचं जाणं-येणं राहिलं. उन्हाळ्यात मी आगरवाड्याला जायची, ती मला मीठ ओढायला लावायची आणि माझी पाठ वाकलेली बघून हसायची. गावातल्या मुलींना ती नदीत पोहायला शिकवायची. मोपाला विमानतळ झाला आणि अनंतसकट अर्ध्या गावाची पोरं तिकडे कामाला लागली. तिलाही विचारलं होतं, ती गेली नाही. आई आणि मिठागर, एवढ्यात ती होती, आणि मला कधी ती त्यात कमी वाटली नाही. गेल्या ऑक्टोबरात पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिने मला एका वाक्यात कळवलं आणि लगेच विचारलं, "तुझ्या बदलीचं काय झालं?" जानेवारीत मी शेवटची भेटले. खिडकीपाशी पलंग ओढून घेतला होता. ते खांदे... त्यांची नुसती हाडं उरली होती. मला म्हणाली, "कचेरीत वाकून बसतेस वाटतं. सरळ बस." मी सरळ बसले. निघेपर्यंत सरळच बसून राहिले.

बाराव्याला लिसी आली, कोचीहून मोपापर्यंत विमानाने. केस पांढरे झालेत तिचे. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मिठागराच्या बांधावर बसलो होतो. मी तिला सांगितलं, तेव्हा लोक काय बोलायचे, आणि माझ्या मनात अजून काय आहे. लिसीने बांधावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग हिंदीत म्हणाली, "तुला कधीच सांगितलं नाही तिने?" आणि जे घडलं ते सांगितलं. चाचणीच्या सकाळी चहाच्या वेळी त्या तिघींनी ठरवलं होतं की दुसऱ्या फेरीत, मी होडीत बसेन तेव्हा, थोडे हात आखडायचे. होडी जरा हळू गेली की झालं, शालनची जागा राहील. तिला हे कळू द्यायचं नव्हतं. पण तिने ते कसं कोण जाणे ओळखलं होतं. पहिल्या फेरीनंतर तराफ्यावर उतरताना, बुटांचे पट्टे सोडायला वाकली असताना, ती त्या तिघींना हळूच म्हणाली, "मला त्या पोरीला हरवायचं आहे. पण तुमच्या हातांनी नको. होडी हळू गेली तर मी स्वतः जाऊन कोचना सांगेन, मग आपण चौघीही घरी." लिसी म्हणाली, "आम्ही तिघी रडत वल्हवत होतो. तू पुढे बघत होतीस, तुला दिसलं नाही. तू तिला खरोखर हरवलंस. ते खरं राहावं, एवढं तिने बघितलं."

दोघी तशाच बसून राहिलो. इतकी वर्षं मी जे भीक समजत होते ते माझं होतं. आणि ते माझं आहे हे सांगायची तिला कधी गरज वाटली नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. कॅफेत ती रागावली होती ते खरं रागावली होती. माझ्या डोक्यात तेव्हा एवढं साधं शिरलं नाही.

गेल्या रविवारी पुन्हा आगरवाड्याला गेले. आई सोप्यावर मिरच्या निवडत होती. आत शालनताईच्या खोलीत भिंतीवर या वर्षाचं कॅलेंडर टांगलेलं आहे. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने बारीक अक्षरात एक वेळ लिहिलेली. भरतीची वेळ. मिठागरात खाडीचं पाणी घ्यायचं तर बांधातलं फळ्यांचं दार, त्याला आमच्याकडे मानस म्हणतात, ते बरोबर भरतीला उघडावं लागतं. तिथीवरून ती वेळ काढायचं गणित तिला वडिलांनी शिकवलं होतं. अनंतला ते येत नाही. आई म्हणाली, "नवं कॅलेंडर आलं तशी मांडीवर घेऊन बसली. चार दिवस लिहीत होती. मी म्हटलं, एक म्हयनो लिही, मागीर पळोवया. आयकलें ना." एक महिना लिही, पुढचं पुढे बघू, असं सांगूनही ऐकलं नव्हतं तिने. मी पानं उलटून पाहिली. एप्रिल, मे. पावसाळ्यात मिठागर बंद असतं, तरी जून, जुलै भरलेले. अक्षर पुढे पुढे थोडं थरथरलेलं, पण एकही चौकोन रिकामा नाही. शेवटचं पान डिसेंबर, एकतीस तारखेपर्यंत.

अनंत पाळीवरून आला, शर्ट बदलला आणि आत येऊन त्या दिवसाच्या चौकोनावर बोट ठेवलं. "सव्वातीन," तो म्हणाला. "येतेस?" आम्ही बांधावरून गेलो. ऊन रणरणत होतं. मानसाची फळी पाण्याने फुगून जड झाली होती. मी एका बाजूने धरली, पाय बांधाला टेकवले, पाठ सरळ ठेवली आणि ओढली. तीन वाजून पंधरा मिनिटं झाली होती. खाडीचं पाणी काठोकाठ उभं होतं, आणि फळी निघताच ते आत यायला लागलं.